वय कायद्यात, शिक्षा कोर्टात आणि सुरुवात गावात



दसरा झाला की आपल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या वस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. घरात वयात आलेली मुलगी असेल, तर तिला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं हा प्रश्न असतो. मग लग्न उरकलं जातं. बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करताना आम्ही हे दरवर्षी ऐकतो. एक बाई म्हणाल्या, "ताई, सोळा पूर्ण झालीत तिला. अठराचा हट्ट कुणी काढला?"

प्रश्न रास्त होता. म्हणून आज अठराचा हा आकडा कुठून आला ते सांगतो.

१८६० साली इंग्रजांनी भारतीय दंड संहिता केली. त्यात मुलीच्या संमतीचं वय होतं दहा वर्षं. लग्न झालेलं असो वा नसो, दहाच्या आतल्या मुलीशी संबंध ठेवला तर तो बलात्कार. दहा पूर्ण झाली की नवऱ्याला मोकळीक.

त्याच काळात मुंबईत रखमाबाई होत्या. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं, पण त्या माहेरीच राहिल्या आणि शिकल्या. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी यांनी बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या. नकार देणाऱ्या बाईला सहा महिन्यांचा तुरुंग, हे मनात ठेवा.

कारण दोनच वर्षांनी, १८९० साली, कलकत्त्यात दुसरा खटला चालला. फुलमणी नावाची मुलगी, वय अकराच्या आसपास. थोराड नवऱ्याने केलेल्या संबंधात रक्तस्राव होऊन ती मेली. तिने दहा ओलांडली होती, म्हणून बलात्काराचं कलम लागलंच नाही. नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. एका मुलीच्या जिवाची किंमत एक वर्ष.

त्यानंतर संमतिवयाचं बिल आलं. बेहरामजी मलबारींनी बालविवाहाचा विषय आधीपासून लावून धरला होता. रा. गो. भांडारकर, आगरकर यांनी बिलाला पाठिंबा दिला, तर लोकमान्य टिळकांनी केसरीतून विरोध केला. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला आणि दहाचे बारा झाले. एवढी दोन वर्षं वाढवायला केवढं रान उठलं होतं! पण नवऱ्याविरुद्ध तक्रार करायला अकरा वर्षांची मुलगी जाणार तरी कुठे?

पुढे आकडा हळूहळू सरकला. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं. स्वातंत्र्यानंतर संमतीचं वय सोळा होतं, पण बायकोसाठी पंधराच. १९७८ मध्ये लग्नाचं वय अठरा झालं, तरी पंधरा ओलांडलेल्या बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती कायद्याने बलात्कार नव्हती. ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये बंद केली. म्हणजे लग्न अठराच्या आधी नको म्हणणारा कायदा एकोणचाळीस वर्षं त्याच लग्नातल्या नवऱ्याला सूट देत होता.

आता शिक्षेकडे येऊ. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. तो खटला तिच्या नावानेच ओळखला जातो, पण आपण नाव घेणार नाही. डॉक्टरांनी तिचं वय चौदा ते सोळा असावं असा अंदाज दिला. सोळाच्या आतली असल्याचं कोर्टात सिद्ध झालं नाही, आणि मग सगळा खटला तिच्या संमतीवर आला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नाही, असा अर्थ लावला गेला. १९७९ मध्ये वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बाया रस्त्यावर आल्या.

त्यातून १९८३ ची दुरुस्ती झाली आणि बलात्काराला किमान सात वर्षं शिक्षा ठरली. पण एक खिडकी उघडी ठेवली होती: 'पुरेशी आणि खास कारणं' असतील तर न्यायाधीश त्याहून कमी शिक्षा देऊ शकत. ती खिडकी २०१३ मध्ये बंद झाली. त्याआधी २०१२ मध्ये पोक्सो कायदा आला. अठराच्या आतली मुलगी असो वा मुलगा, ते बालकच, आणि त्याची संमती धरायची नाही. २०१९ पासून सोळाच्या आतल्या बालकावर बलात्कार केला तर किमान वीस वर्षं.

तरीही जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या खटल्यात म्हटलं की, कपड्यावरून हात लावला, कातडीला कातडी लागली नाही, म्हणून पोक्सो लागू नाही. तीन वर्षांची शिक्षा एकावर आली. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून तीन वर्षं पुन्हा लावली. न्यायालय म्हणालं, हेतू बघा, कातडी नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. सोळा-सतरा वर्षांची पोरं प्रेमातून पळून जातात आणि आईबाप पोक्सो लावतात. त्या मुलाला वीस वर्षं तुरुंगात घालणं आम्हालाही न्याय वाटत नाही. २०२३ मध्ये विधी आयोगाने सांगितलं की, वय अठराच ठेवा, पण अशा प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना थोडी मोकळीक द्या. आमचं मत एवढंच की, खिडकी उघडायची तर प्रेमातल्या पोरांपुरतीच उघडा. चाळिशीतल्या शेजाऱ्याने आणि मामाने तिच्यातून सुटता कामा नये.

मैत्रिणींनो, २०१६ मध्ये आपल्या जिल्ह्यातलं कोपर्डी घडलं. लाखोंचे मोर्चे निघाले, आणि पुढच्या वर्षी इथल्याच सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. ते सगळ्यांना आठवतं. पण ज्या मुलीसाठी मोर्चा निघत नाही, तिचं काय होतं? घरात कुजबुज होते. चार माणसं बसतात. "पोरीची अब्रू जाईल" म्हणून गप्प बसवतात, नाहीतर त्याच माणसाशी लग्न लावून मोकळे होतात. आपल्याला कोर्टाची शिक्षा कमी वाटते, पण शिक्षा कमी होण्याची सुरुवात अशा बैठकीत होते. उशिरा दिलेली तक्रार, फिरलेला साक्षीदार, वयाचा नसलेला कागद, हे सगळं तिथूनच कोर्टात जातं. पोक्सोत गावाने तडजोड करायची सोय नाही. उलट, माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे.

म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येकीने मुलीचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला शोधून आणा. वय ठरवताना कोर्ट आधी हेच कागद बघतं. बालविवाह ठरत असेल तर ग्रामसेवकांना सांगा किंवा १०९८ वर फोन करा. अत्याचार झाला असेल तर मोफत वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मिळतो, आणि मनोधैर्य योजनेतून मदतही मिळते.

आणि त्या बाईंना आमचं उत्तर: बाई, अठराचा हट्ट आमचा नाही. दहापासून अठरापर्यंत यायला दीडशे वर्षं लागली, आणि त्या वाटेवर फुलमणीसारख्या मुली गेल्या. तुमच्या लेकीची राहिलेली दोन वर्षं तिला द्या. कारखान्यावर जाताना तिला कुठे ठेवायचं, ते आपण सगळ्या मिळून बघू.