सुनीता आणि सुनिता

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी जावामध्ये दोन याद्या ताडून पाहणारा प्रोग्राम लिहिला. एक शिष्यवृत्तीच्या अर्जांची, दुसरी बँक खात्यांची. माणसं तीच, तरी उत्तर आलं : एकही जुळत नाही. आपण काही सांगितलं नाही, तर जावाचं 'इक्वल्स' एवढंच बघतं, की मेमरीतली वस्तू एकच आहे का. आत काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 'सारखं' म्हणजे काय, ते आपणच लिहून द्यायचं. मी लिहिलं : नाव आणि जन्मतारीख. मग सगळे जुळले, एक मुलगी सोडून. अर्जात ती सुनीता, खात्यात सुनिता. एका वेलांटीपायी तिचे पैसे अडकले.

याद्या ताडायची रीत जुनीच आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली लिस्पवरच्या निबंधात ती मांडली : पहिला घटक पहिल्याशी ताडा, मग उरलेली यादी उरलेल्या यादीशी. पण दोन घटक सारखे कधी मानायचे?

हा प्रश्न कम्प्युटरच्याही आधीचा. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांना १९१८ साली एका युक्तीचं पेटंट मिळालं. तिच्यातूनच पुढे साउंडेक्स आलं. आडनावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. १९३५ साली तिथे सोशल सिक्युरिटीचा कायदा आला. पेन्शनसाठी वय सिद्ध करायचं, पण अनेक वृद्धांकडे जन्मदाखलाच नव्हता. मग १८८० च्या जनगणनेतल्या, १० वर्षांपर्यंतची मुलं असलेल्या घरांची कार्डं साउंडेक्सनं लावली गेली. जनगणनेच्या कारकुनानं स्पेलिंग चुकवलं असलं, तरी नाव सापडण्याची आशा होती.

पण स्मिथ आणि श्मिट यांचा कोड एकच येतो, एस-५३०. म्हणून कोडवरून फक्त खण सापडे; माणूस तोच का, हे कार्ड वाचूनच ठरे. जावाचं 'हॅशकोड' हेच करतं : सारख्या वस्तूंचा कोड सारखा हवाच, कोड सारखा म्हणून वस्तू सारख्या, असं मात्र नाही.

मीही तेच केलं. ऱ्हस्व-दीर्घ विसरून आधी गट पाडले, मग गटात जन्मतारीख ताडली. सुनीता सापडली. पण त्याच तारखेची दुसरी सुनिताही निघाली. शेवटी दोघींचे कागद हातात घेऊन पाहिले.

आता कुणी याद्या जुळवायला दिल्या, की मी आधी विचारते : एखादी सुटली तर जास्त नुकसान, की दोघींची एक झाली तर?