साठवण, विकेंद्रित (मोबदलाधारित)

एकाच कंपनीच्या सर्व्हरवर विसंबून न राहता परस्परांशी थेट जोडलेल्या अनेकांच्या संगणकांवर फाइल ठेवणे आणि जागा देणाऱ्याला त्याचे पैसे देणे, अशी व्यवस्था. फाइल सहसा आधी कूटबद्ध करतात. पुढे तिच्या प्रती काढतात किंवा गणिती रीतीने तुकडे पाडतात. काही तुकडे हरवले तरी उरलेल्यांतून ती पुन्हा जुळते. स्टोर्ज या जाळ्याच्या मांडणीत ८० पैकी कोणतेही २९ तुकडे पुरतात.

पुरावा : अनोळखी माणसाने फाइल खरोखर जपली आहे, की पैसे घेऊन पुसून टाकली, हे ओळखणे सर्वांत अवघड. फाइलकॉइन या जाळ्यात साठवणदार ३२ किंवा ६४ गिबीबाइटचा विभाग मोहोरबंद करतो. त्यानंतर दर २४ तासांत, आयत्या वेळी विचारलेल्या भागांचा पुरावा त्याला द्यावा लागतो. पुरावा चुकत राहिला तर आगाऊ ठेवलेल्या तारणातून दंड कापतात. फाइलवाटपाच्या जुन्या बिटटॉरंटमध्ये (२००१) ही हमी नव्हती. लोकांचा रस संपला की फाइलही दुर्मीळ होई.

इतिहास : अशा जाळ्यांपैकी सिया २०१५; आर्वीव्ह २०१८; फाइलकॉइन १५ ऑक्टोबर २०२० पासून चालू.

रामटेक परिसर : मोबदल्याच्या बळावर दस्तऐवज टिकल्याचा जुना दाखला येथे आहे. पाचव्या शतकात वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिने नंदिवर्धन (आजचे नगरधन) येथून दिलेला ताम्रपट पुण्यात मिळाला. रामगिरीस्वामीच्या चरणांपासून, म्हणजे रामटेकवरून दिलेला अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला. दानपट दान घेणाऱ्याकडे राही आणि जमिनीचा हक्क त्यावर उभा असे, म्हणून तो जिवापाड जपला जाई. तांब्याचे पत्रे कडीत ओवून तिच्यावर राजमुद्रा लावत. वाकाटकांच्या अनेक पटांच्या आरंभी तपासणीची खूण म्हणून ‘दृष्टम्’ हा शब्द येतो. राजधानी ओस पडली, पट मात्र उरले. राणीचा पिता गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त, हे पुण्याच्या पटामुळे पक्के झाले आणि वाकाटकांच्या कालगणनेला आधार मिळाला. वा. वि. मिराशी यांनी हे लेख १९६३ च्या संग्रहात एकत्र आणले. मात्र ताम्रपटांच्या या पद्धतीत जादा प्रतींची तजवीज दिसत नाही. जे पट वितळवले गेले, त्यांतला मजकूर कायमचा गेला.

विदर्भ : एटापल्ली (गडचिरोली) येथे २०२२ मध्ये सुमारे ६५,००० जात प्रमाणपत्रांची पडताळणी-नोंद पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर झाली. येथे भर पडताळणीवर आहे. मोबदल्यावर फाइल जपण्याची ही व्यवस्था नव्हे.

कर : साठवणीचा मोबदला सहसा आभासी नाण्यांत मिळतो; अशा आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर भारतात आर्थिक वर्ष २०२२-२३ पासून ३० टक्के.