पुरुषांचे जिम्नॅस्टिक्स : सहा साधने आणि त्यांची मापे

पुरुषांच्या कलात्मक जिम्नॅस्टिक्समध्ये सहा प्रकार असतात : फ्लोअर एक्सरसाइज, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार आणि हॉरिझाँटल बार. प्रत्येक साधनाचे माप या खेळाच्या जागतिक संघटनेने ठरवून दिलेले असते. खेळाडूची प्रत्येक उडी त्या मापाच्या भरवशावर घेतलेली असते.

या साधनांची परंपरा जुनी आहे. फ्रीडरिश लुडविग यान यांनी १८११ मध्ये बर्लिनजवळ हाजेनहायडे येथे खुले व्यायाम मैदान सुरू केले. पॅरलल बारचे श्रेय त्यांनाच दिले जाते. पॉमेल हॉर्स मात्र त्याहून जुना असून, घोड्यावर मांड टाकण्याच्या सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या लाकडी घोड्याचे ते रूप होय.

सहा साधने

फ्लोअर : १२ मीटर लांब-रुंद चौरस. त्याखाली स्प्रिंग बसविलेल्या असतात. पुरुषांच्या प्रकारात संगीत नसते.

पॉमेल हॉर्स : उंची ११५ सें.मी., लांबी १६० सें.मी. केवळ हातांच्या आधारे शरीर सतत फिरते ठेवावे लागते.

रिंग्ज : जमिनीपासून २८० सें.मी. उंचीवर टांगलेल्या. ताकदीची स्थिती किमान दोन सेकंद स्थिर राखावी लागते.

व्हॉल्ट : टेबलाची उंची १३५ सें.मी., धाव २५ मीटरपर्यंत.

पॅरलल बार : उंची २०० सें.मी., लांबी ३५० सें.मी. बार लवचिक असतात.

हॉरिझाँटल बार : २.८ सें.मी. जाडीचा पोलादी बार, उंची २८० सें.मी.

पाच सेंटिमीटरचा फरक

मापातील चूक किती महागात पडते, हे २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये महिलांच्या वैयक्तिक सर्वसाधारण अंतिम फेरीत दिसले. व्हॉल्टचा घोडा १२५ ऐवजी १२० सें.मी. उंचीवर बसविला गेला होता. अनेक नामवंत खेळाडू कोसळल्या. ऑस्ट्रेलियाच्या ॲलाना स्लेटर यांनी ही बाब निदर्शनास आणून दिल्यावर उंची दुरुस्त झाली आणि आधीच्या खेळाडूंना पुन्हा उडी मारण्याची मुभा मिळाली. तोवर अनेकींची लय बिघडली होती.

२००१ पासून पुरुष व महिला या दोन्ही गटांत घोड्याची जागा रुंद टेबलाने घेतली. जुन्या घोड्याच्या अरुंद पाठीवरून हात निसटण्याचा धोका असे. नव्या टेबलावर हात टेकण्यास प्रशस्त जागा मिळते.

निगा

रिंग्ज व हॉरिझाँटल बार यांना ताणून धरणाऱ्या तारा, जमिनीतील हुक आणि उंचीचे खटके यांची तपासणी सरावापूर्वी आवश्यक ठरते. हाताला लावण्याच्या मॅग्नेशियम कार्बोनेटच्या पुडीचे थर बारवर साचल्यास पकड बदलते. ते ब्रशने घासून काढावे लागतात. गाद्यांमध्ये फट राहू न देणे हेही तितकेच महत्त्वाचे. वेगाने सुटलेल्या खेळाडूला हवेत असताना साधनाची खात्री करून घेता येत नाही. ती त्याच्यासाठी आधीच कोणीतरी करून ठेवावी लागते.