भिलाई : अणुवीज आणि स्वच्छ विजेकडे वाटचाल

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील पोलादनगरी. येथे अणुभट्टी नाही. पण अणुविजेने काय साधेल आणि काय साधणार नाही, हे येथे चांगले समजते. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 मध्ये सुरू झाली. एनटीपीसी आणि सेल यांच्या संयुक्त कंपनीचे येथील औष्णिक केंद्र प्रत्येकी 250 मेगावॉटच्या दोन संचांचे असून ते कोळशावर चालते. छत्तीसगडला अणुविजेचा थोडा वाटा तारापूरच्या (जि. पालघर) 540 मेगावॉटच्या दोन संचांतूनही मिळतो; हे संच 2005-06 मध्ये कार्यान्वित झाले.

खाणकामापासून केंद्र मोडीत काढण्यापर्यंतचा हिशेब धरला, तर एका युनिटमागे कोळशाच्या विजेतून सुमारे 820 ग्रॅम आणि अणुविजेतून सुमारे 12 ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो (आयपीसीसी, 2014). सौरविजेचा आकडाही कमीच आहे, परंतु ती रात्री मिळत नाही, आणि कारखान्याच्या रोलिंग मिल रात्रपाळीतही चालतात. अणुविजेचे खरे मोल तिच्या अखंड पुरवठ्यात आहे.

मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. झोतभट्टीत कोक नुसती उष्णता देत नाही. लोहखनिजातला ऑक्सिजन काढून घेण्याचे कामही तोच करतो, आणि कार्बन डाय-ऑक्साइड तेथेच तयार होतो. वीज कितीही स्वच्छ मिळाली तरी ही रासायनिक क्रिया बदलत नाही.

उद्योगांच्या स्वतःच्या वापरासाठी 220 मेगावॉटची ‘भारत स्मॉल रिॲक्टर’ योजना पुढे आली असून, तिच्यासाठी भारतीय अणुऊर्जा महामंडळाने (एनपीसीआयएल) डिसेंबर 2024 अखेर प्रस्ताव मागवले. नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालणारे हे तंत्र कर्नाटकातील कैगा अणुवीज केंद्रात रुळलेले आहे. मात्र असा एक संच भिलाईच्या औष्णिक केंद्राच्या निम्म्याहूनही लहान ठरतो. शिवाय अणुभट्टीभोवती निर्मनुष्य पट्टा राखावा लागतो, थंड करण्यासाठी बारमाही पाणी लागते. दाट वसाहतीला खेटून असलेल्या कारखान्याला या अटी जड जातील. दूरच्या केंद्रातून ग्रिडमार्गे वीज घेणे अधिक व्यवहार्य दिसते.

2047 पर्यंत 100 गिगावॉट अणुवीज-क्षमतेचे राष्ट्रीय उद्दिष्ट 2025-26 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले. ते पूर्ण झाले तरी कोकऐवजी हायड्रोजनसारखा पर्याय येईपर्यंत भिलाईच्या पोलादाचा मुख्य कार्बनभार झोतभट्टीतच राहील.