आधी सेवा की आधी शिक्षण?

शिष्यवृत्ती हा शब्द आपल्या मराठी घरांत फार आदराने उच्चारला जातो. चौथीची आणि सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा देऊन इकडे आलेली पिढी आता आजी-आजोबा झाली आहे, तरी ‘अमक्याच्या मुलीला स्कॉलरशिप मिळाली’ हे ऐकले की आपला चेहरा अजूनही खुलतो. पण त्या शब्दाला चिकटून येणाऱ्या दुसऱ्या शब्दाबद्दल, म्हणजे सेवेबद्दल, आपण फारसे बोलत नाही. हे पैसे कोणी दिले, कशाच्या बदल्यात दिले आणि सेवा शिकण्याआधी करायची की शिकून झाल्यावर, या प्रश्नांना सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातला बराचसा भाग या देशात आणि आपल्याच माणसांच्या बाबतीत घडला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडची जुनी रीत ‘आधी शिक्षण, मग सेवा’ अशी होती. तिचे सर्वांत उजळ उदाहरण म्हणजे रँग्लर परांजपे. कोकणातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर १८९६ साली केंब्रिजला, सेंट जॉन्स कॉलेजात आले. १८९९ साली ते सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्या काळी अशा माणसाला मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होण्याचे वचन ते आधीच देऊन बसले होते. आजीव सदस्य म्हणजे दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षे शिकवणे. परांजपे परतले, १९०२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि सुमारे दोन तपे त्यांनी ते काम केले. वचन आधी, शिक्षण मध्ये आणि सेवा शेवटी, हा हिशेब त्यांच्या बाबतीत चोख जुळला.

तो प्रत्येकाच्या बाबतीत जुळतोच असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, तीही करारावर: परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून बाबासाहेब १९१६ साली लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. करार पाळायला ते बडोद्यात हजर झाले. तिथे कचेरीतले शिपाई विटाळाच्या भीतीने कागद लांबूनच टाकत, राहायला कोणी जागा देईना आणि ज्या पारशी विश्रामगृहात आसरा घेतला होता तिथून त्यांना हाकलण्यात आले. काही महिन्यांत ते मुंबईला परतले.

मला या प्रसंगातली एक गोष्ट विचार करायला लावते. महाराजांच्या औदार्यात खोट नव्हती आणि विद्यार्थ्याच्या निष्ठेतही नव्हती. पण सेवेची अट घालणारा करार एक गोष्ट गृहीत धरून चालला होता, की जिथे सेवा करायची तिथे त्या माणसाला उभे राहू देतील. ते गृहीतच खोटे ठरले.

पुढचा भाग आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. बाबासाहेबांना लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत दिली होती. १९१८ पासून त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्जाऊ रक्कम दिली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला आले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी, १९२३ मध्ये डी.एस्सी. किंग हेन्रीज रोडवरचे १० नंबरचे घर त्याच काळातले. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ साली विकत घेतले आणि आपल्यापैकी कित्येकांनी ते पाहिले आहे. तिथे गेल्यावर पुतळ्याला नमस्कार करताना हेही आठवावे, की विद्यापीठाने दार उघडे ठेवले होते म्हणून कामावरून परतलेला माणूस पुन्हा विद्यार्थी होऊ शकला.

आता उलटी वाट, म्हणजे ‘आधी सेवा’. आपल्याकडे तिचे नाव डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचा हा तरुण डॉक्टर मुंबईत पदव्युत्तर शिक्षणाची तयारी करत होता. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरवले तेव्हा तो अभ्यास बाजूला ठेवून निघाला. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस परत आलेच नाहीत. १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिकडेच वारले. मागे ठेवलेला अभ्यास कायमचा मागे राहिला. परदेशी सेवेला निघालेल्या मुलाच्या आईवडिलांच्या पोटात जो गोळा येतो, तो असा जुना आहे.

ब्रिटनमध्ये ही वाट रुळली ती १९५८ पासून. सक्तीची लष्करी भरती बंद व्हायच्या बेतात होती. शाळा संपवून विद्यापीठात जाण्याआधीचे वर्ष मुलांनी परदेशात उपयोगी कामात घालवावे, असे आवाहन करणारे पत्र त्या वर्षी मार्चमध्ये ‘संडे टाइम्स’मध्ये पोर्ट्समथच्या बिशपांच्या सहीने छापून आले. त्यामागची कल्पना अ‍ॅलेक डिक्सन आणि त्यांच्या पत्नी मोरा यांची. त्यातूनच व्ही.एस.ओ. ही संस्था उभी राहिली. राहण्या-जेवणाची सोय आणि वर हातखर्च, एवढ्यावर अठरा वर्षांची मुले घाना, नायजेरिया, सारावाकला गेली. पुढे संस्थेने अनुभवी शिक्षक, परिचारिका, इंजिनियर पाठवायला सुरुवात केली. तेव्हा ‘मधले वर्ष’ ही कल्पना मागे पडली आणि नवा प्रश्न उभा राहिला: दोन वर्षे नोकरी सोडून गेलेला माणूस परत आल्यावर पुढे काय करणार?

अमेरिकेने या प्रश्नाला व्यवस्थित उत्तर दिले. केनेडींनी १९६१ साली पीस कोअर सुरू केले. १९७६ पर्यंत त्याचे स्वयंसेवक भारतातही शेती आणि कोंबडीपालनाची कामे करत होते. १९८५ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजने परतलेल्या स्वयंसेवकांसाठी फेलोशिप सुरू केली. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांना शिक्षक हवे होते आणि परक्या मुलखात, अपुऱ्या साधनांनिशी शिकवून आलेली माणसे समोर होती. त्यांना फीमध्ये सवलत द्यायची आणि शिकता शिकता त्यांनी आपल्याच शहरातल्या गरीब वस्तीत काम करायचे, असा सौदा ठरला. आज ती योजना सिनेटर पॉल कव्हरडेल यांच्या नावाने अनेक विद्यापीठांत चालते. परत आल्यावर किती वर्षांनी अर्ज करावा याला मर्यादा नाही. बाबासाहेबांच्या कोलंबियातच ही रीत रुजली, हा योगायोग मला आवडतो.

ब्रिटनमध्ये अशी एकसंध योजना नाही, तुकडे आहेत. परदेशी काम करणाऱ्या स्वयंसेवकांना नॅशनल इन्शुरन्सचा वेगळा, हलका हप्ता भरून पेन्शनची वर्षे राखता येतात. १९८३ साली सुरू झालेली चिव्हनिंग शिष्यवृत्ती अनुभव मोजताना बिनपगारी सेवाही धरते, पण ती बाहेरून येणाऱ्यांसाठी आहे आणि तिच्यात दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट आहे. रोटरीची शांतता फेलोशिप प्रत्यक्ष काम केलेल्यांनाच मिळते. ब्रॅडफर्ड हे तिच्या पहिल्या केंद्रांपैकी एक आणि २०२४ मध्ये रोटरीने पुण्याच्या सिम्बायोसिस विद्यापीठाचीही निवड केली. सरकारी खर्चाने तरुणांना परदेशी पाठवणारी इंटरनॅशनल सिटिझन सर्व्हिस २०११ साली सुरू झाली होती, ती आता बंद आहे. बाकीच्यांसाठी २०१६ पासूनचे पदव्युत्तर कर्ज. म्हणजे परतलेल्याला कर्जच काढावे लागते.

माझ्या एका भाचीने गणित शिकवायला दोन वर्षे आफ्रिकेत जायचे ठरवले तेव्हा घरात झालेली चर्चा मला आठवते. पगार गेला, वय वाढले, पुढचे शिक्षण राहिले, हे सगळे मुद्दे निघाले. तिच्या वडिलांचा प्रश्न मात्र नेमका होता: ‘परत आल्यावर हिला कोण विचारणार?’ त्याला कोणाकडेच उत्तर नव्हते. आपल्या घरांत आणखी एक अडचण असते. ज्यांच्याकडे ब्रिटिश नागरिकत्व नसून कायम वास्तव्याचा परवाना आहे, ते सलग दोन वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर राहिले तर साधारणपणे तो परवाना रद्द होतो. मुलगा किंवा मुलगी निघण्याआधी हे कागद तपासलेच पाहिजेत. फीच्या दृष्टीने आपण ‘इथले विद्यार्थी’ राहू ना, हेही विद्यापीठाला आधीच लेखी विचारून ठेवावे.

हा सगळा इतिहास मांडण्यामागे माझा एक हेतू आहे. आपले मंडळ दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करते. शाल-श्रीफळ आणि टाळ्या हव्यातच. पण त्याच निधीतून एक लहानशी रक्कम परदेशी किंवा महाराष्ट्रातल्या खेड्यात वर्षभर तरी सेवा करून परतलेल्या आणि पुढे शिकू इच्छिणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी राखता येईल. रक्कम पहिल्या सत्राचे घरभाडे आणि पुस्तके भागतील एवढी असली तरी पुरे. बडोद्यासारखा दहा वर्षांचा करार नको. शिकता शिकता शनिवारच्या मराठी शाळेत किंवा आपल्याच गावातल्या एखाद्या केंद्रात आठवड्याचे दोन तास द्यावेत, एवढेच मागावे.

जाणाऱ्याला निरोप देणे आपल्याला चांगले जमते. परत येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवायचे कामही आता अंगावर घेऊ या. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे. वाचकहो, विरोध करायचा असेल तर जरूर करा, पण त्यासाठी सभेला या.