महारोहिणीशोथ, अविशिष्ट : अभ्यासाचा इतिहास

महारोहिणी (हृदयापासून निघणारी शरीरातील सर्वांत मोठी रोहिणी) व तिच्या प्रमुख शाखा यांच्या भित्तींच्या दीर्घकालिक दाहयुक्त सुजेस अविशिष्ट महारोहिणीशोथ म्हणतात. प्रथम भित्तीमध्ये श्वेत कोशिका (पेशी) शिरतात. पुढे तंतुमय ऊतक तयार होऊन रोहिणीची पोकळी अरुंद होते किंवा बुजते. हा विकार बहुधा वयाच्या चाळिशीपूर्वीच सुरू होतो व स्त्रियांत अधिक आढळतो. भारतातील त्याच्या आरंभीच्या अभ्यासाचा महत्त्वाचा भाग परळ (मुंबई) येथील के. ई. एम. रुग्णालयात झाला.

जपानी नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी १९०८ मध्ये एका तरुण स्त्रीच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांच्या अस्वाभाविक जोडण्यांचे वर्णन केले. अशाच एका रुग्णाच्या मनगटांची नाडी लागत नसल्याचे त्यांच्या एका समव्यावसायिकाने त्याच वेळी सांगितले. त्यावरून पुढे ‘नाडीहीन रोग’ हे नाव रूढ झाले.

मुंबईतील रुग्णांना हे नाव नीटसे लागू पडत नव्हते. शल्यचिकित्सक प्रफुल्लकुमार सेन (१९१५–८२) व त्यांचे सहकारी यांना उदरातील महारोहिणी व वृक्क रोहिणी (मूत्रपिंडांना रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या) यांचे अरुंदन वारंवार आढळले. अशा रुग्णांत मनगटाची नाडी लागते. इतकेच नव्हे, तर वृक्काचा रक्तपुरवठा घटल्याने रक्तदाब अतिशय वाढलेला असतो. १९६२ मध्ये या गटाने अज्ञात कारणाच्या अरुंदनकारी महारोहिणीशोथाविषयी निबंध प्रसिद्ध केला व १९७३ मध्ये १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला ग्रंथ मुंबईतून प्रकाशित झाला. सेन यांचे नाव १९६८ मधील हृद्‌रोपणामुळे सर्वतोमुखी झाले; त्या मानाने हे काम कमी परिचित असले, तरी रुग्णांच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे म्हणावे लागेल.

मुख्य अडचण होती ती आरंभीची अवस्था पाहण्याची. रुग्ण येई तो वर्षानुवर्षांचा व्रण घेऊन. रोहिणी अरुंद झाल्याशिवाय त्याला विशेष त्रास होत नाही. ज्वर, थकवा, वजन घटणे ही पूर्वलक्षणे कोणत्याही आजारात संभवतात. तथापि एकाच महारोहिणीत जुना व्रण व ताजा शोथ शेजारी-शेजारी असू शकतात, त्यामुळे शवपरीक्षेत व शस्त्रक्रियेत मिळालेल्या ऊतकांवरून विकाराचा क्रम जुळविता येतो. लसीका कोशिका, प्लाविका कोशिका व महाभक्षी कोशिका प्रथम भित्तीच्या बाह्यस्तरातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवती जमतात. तेथून शोथ मध्यस्तरात पसरतो, स्थितिस्थापक तंतू तुटतात व काही ठिकाणी महाकाय कोशिका दिसतात. अंतःस्तर जाड होतो तो नंतर. रोहिणीविलेपी विकारात याच्या उलट घडते : वसायुक्त द्रव्य अंतःस्तरात साचते आणि रक्तातून तेथे आलेल्या महाभक्षी कोशिका ते गिळून फेसाळ दिसू लागतात.

कारणांच्या शोधात क्षयाकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. गिरगावापासून लालबाग-परळपर्यंतच्या दाटीच्या चाळींत क्षय घरोघरी परिचित होता. लहान वयातील महारोहिणीशोथ व क्षय यांच्या साहचर्याविषयी परळच्या विकृतिविज्ञान विभागातून १९७० मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. परंतु ज्या नगरातील बहुसंख्य प्रौढांना क्षयाचा संसर्ग होऊन गेलेला असतो, तेथे केवळ त्वचापरीक्षा होकारार्थी आली म्हणून काही सिद्ध होत नाही. शिवाय महारोहिणीच्या भित्तीत क्षयाचे जंतू सहसा सापडत नाहीत. १९९० नंतरच्या दशकात जपानी संशोधकांनी रोहिणीभित्तीतील मारक लसीका कोशिका ऊतक-कोशिकांना छिद्रे पाडणारे प्रथिन सोडतात, असे दाखविले. कोशिकांवरील ताणाच्या वेळी निर्माण होणारे एक प्रथिन तेथे आढळले. त्याच्याशी साम्य असलेले प्रथिन क्षयजंतूंतही असते. त्यामुळे क्षयाचा प्रश्न पूर्णतः निकालात निघालेला नाही. एचएलए-बी५२ या आनुवंशिक घटकाशी संबंध जपान व भारत या दोन्ही देशांत आढळला आहे.

कॉर्टिकोस्टेरॉइडे व प्रतिरक्षा दडपणारी इतर औषधे शोथ आवरतात. तयार झालेला व्रण मात्र त्यांनी विरघळत नाही. अरुंद भाग फुग्याने रुंदावणे किंवा पर्यायी वाहिनी जोडणे हे उपाय शोथ शमल्यावर करणे इष्ट असते. तो शमला की नाही हे ठरविणेही सोपे नाही, कारण रक्ततपासणी निर्दोष असतानाही भित्तीत श्वेत कोशिका सक्रिय असल्याचे आढळले आहे. तरुण वयात अतिरक्तदाब दिसल्यास चारही अवयवांतील नाडी व रक्तदाब तपासतात.