नाईक, वसंतराव : दुष्काळ, नेतृत्व आणि लौकिक

नाईक, वसंतराव फुलसिंग : (१ जुलै १९१३–१८ ऑगस्ट १९७९). महाराष्ट्राचे मुख्यमंत्री (५ डिसेंबर १९६३–२० फेब्रुवारी १९७५). जन्म यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली येथे, बंजारा समाजात. त्यांचे समग्र चरित्र हा या नोंदीचा विषय नाही. १९७०–७३ च्या दुष्काळात त्यांच्या सरकारने केलेला कारभार, त्यातून घडलेला त्यांचा लौकिक आणि त्या लौकिकाची पुढे झालेली पारख एवढ्यापुरती ती मर्यादित आहे. शेवटी या विषयावरच्या निवडक वाचनाचा विचार केला आहे.

पुसदला लागून उमरखेड तालुका आहे. दक्षिणेला पैनगंगा वाहते. नदीच्या अलीकडे विदर्भ, पलीकडे मराठवाडा. १९५६ पर्यंत या दोन काठांचे राज्यही वेगळे होते. काळी जमीन, कापूस, तूर, ज्वारी आणि पावसाच्या भरवशावरचे वर्ष, ही या पट्ट्याची जुनी ओळख. इसापूर धरणाच्या पाण्यावर ऊस आला तो नंतर. नाईक याच मातीतून आले. नागपुरात शिक्षण घेऊन त्यांनी अमरावतीला पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली आणि मग पुसदला वकिली केली, १९४६ मध्ये पुसदचे नगराध्यक्ष झाले आणि १९५२ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेशच्या विधानसभेत पोहोचले. द्वैभाषिक मुंबई राज्यात त्यांच्याकडे सहकार आणि कृषी ही खाती होती, महाराष्ट्र राज्य झाल्यावर महसूल खाते आले. पुढच्या संकटात ही खातीच कामाला आली, कारण दुष्काळ हाताळणारी सरकारी यंत्रणा आतून कशी चालते हे त्यांना मुख्यमंत्री होण्याआधीपासून ठाऊक होते.

शनिवारवाड्यासमोरची प्रतिज्ञा. त्यांच्या लौकिकाची सुरुवात एका अवघड वचनाने झाली. १९६५ मध्ये, देश परदेशी धान्याच्या बोटींकडे डोळे लावून बसलेला असताना, पुण्यात शनिवारवाड्यासमोरच्या सभेत त्यांनी जाहीर केले की दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या. संकरित ज्वारीचे सीएसएच-१ हे वाण आदल्याच वर्षी, १९६४ मध्ये, आले होते. त्यांचा भरवसा त्यावर होता. विहिरी, वीजपंप, खते आणि बियाणे यांवर सरकारने जोर दिला. चार कृषी विद्यापीठे याच कारकिर्दीत उभी राहिली : राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२. उत्पादन वाढले, पण वचन दोन वर्षांत पूर्ण झाले नाही आणि सात वर्षांनी तर राज्यात पेरलेलेही उगवले नाही. या प्रतिज्ञेची आठवण आजही कौतुकाने सांगितली जाते. तिचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. नाईकांचे मोठेपण या भाषणात शोधणे ही प्रस्तुत नोंदकाराला चुकीची दिशा वाटते. ते शोधायचे तर १९७२–७३ च्या मस्टरांत, म्हणजे दुष्काळी कामांच्या हजेरीपटांत, शोधावे लागते.

बाहत्तरचा दुष्काळ. गावोगाव हेच नाव रूढ असले तरी पाऊस १९७० पासूनच हुलकावणी देत होता. १९७२ चा पावसाळा हा सलग तिसरा घाव ठरला. सर्वांत जास्त झळ मराठवाड्याला आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतल्या भागाला बसली : औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद, अहमदनगर, सोलापूर, सांगली, पुणे. पीक बुडाले म्हणजे धान्य गेले आणि त्याबरोबर मजुरीही गेली. शेतमजुराच्या घरी उपासमार येते ती या दुसऱ्या वाटेने : बाजारात धान्य असते, पण ते घ्यायला गाठीला पैसा नसतो.

यावर राज्याने जो उपाय केला त्याची चौकट जुनी होती. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर ब्रिटिशांनी दुष्काळ संहिता तयार केल्या आणि लोकांना काम देऊन मजुरी द्यावी हे तत्त्व त्यांत घातले. पण तेव्हा मजुरी जाणूनबुजून तुटपुंजी ठेवली जाई. १८९९–१९०० मध्ये वऱ्हाडाने या कंजुषीची किंमत माणसांच्या जिवाने मोजली. स्वतंत्र महाराष्ट्राने १९६३ मध्ये कायदा करून राज्यातल्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ काढला आणि त्या जागी ‘टंचाई’ आणली. चौकट मात्र राहिली. १९७२ मध्ये नवे घडले ते तिच्या आकारात आणि वेगात.

कामाची साखळी अशी होती. गावाच्या पिकाची आणेवारी, म्हणजे उत्पन्नाचा सरकारी अंदाज, लागायची, ती ठरलेल्या मर्यादेखाली आली की टंचाई जाहीर व्हायची. मग जिल्हाधिकारी आधीच तयार असलेल्या आराखड्यांतून कामे काढायचे : पाझर तलाव, बंडिंग, रस्ते, नालाबांध, विहिरी. कामावर मुकादम मस्टर भरायचा, माती किंवा खडी मोजली जायची आणि त्या मापावर मजुरी निघायची. स्वस्त धान्य दुकानात अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. कामावर सुकडी (कोरडा पूरक आहार) वाटली जायची. मिलोच्या भाकरीची चव आणि सुकडीचा वास त्या पिढीच्या बोलण्यात अजून येतो. कामावर येणाऱ्यांत बायकांची संख्या फार मोठी होती. तान्ही मुले बांधावर झाडाच्या सावलीत झोपवून त्या पाट्या वाहत. मे १९७३ मध्ये अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर होती, म्हणजे दर दहा माणसांमागे एक माणूस सरकारी कामावर होता. इतक्या माणसांची हजेरी, मोजणी आणि चुकारा कागद-पेन्सिलीवर सांभाळणे हे किती कठीण असेल, याची कल्पना आज करून पाहावी.

हे शक्य झाले यामागे दहा वर्षे आधीचा एक निर्णय होता. महसूलमंत्री असताना नाईक लोकशाही विकेंद्रीकरण समितीचे अध्यक्ष होते. तिचा अहवाल १९६१ मध्ये आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. दुष्काळ आला तेव्हा तालुक्याच्या पातळीवर अभियंता होता, ग्रामसेवक होता, निवडून आलेला सदस्य होता आणि काम निघाले नाही तर त्याला जाब विचारणारा गावकरीही होता. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हाही याच सरकारची परीक्षा झाली होती. पण भूकंप एका रात्रीचा असतो आणि दुष्काळ तीन वर्षांचा. लांबलेल्या संकटात नेत्याच्या धावपळीपेक्षा आधी उभ्या केलेल्या यंत्रणेचा उपयोग अधिक होतो.

दोष काय होते, तेही नोंदले पाहिजेत. मजुरी आठवडे आठवडे अडकत असे. मस्टरवर खोटी नावे चढत. काम सुचले नाही की खडी फोडायला लावत आणि त्या खडीचे ढीग नंतर रस्त्याकडेला पडून राहत. जनावरे फार मेली, अनेक घरांची बैलजोडी गेली आणि ती कित्येकांना परत उभी करता आली नाही. माणसे अर्धपोटी राहिली. तरीही १८९९ च्या किंवा बंगालमधल्या १९४३ च्या दुष्काळासारखा मृत्यूचा लोंढा उसळला नाही, ही त्या वर्षांची मुख्य नोंद आहे.

टीका आणि दबाव. १९७२ च्या निवडणुकीत काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या होत्या. सभागृहात एवढे बहुमत असलेले सरकार निर्धास्त बसू शकले असते. ते बसू शकले नाही, कारण विरोध रस्त्यावर आणि कामाच्या जागी उभा राहिला. शेतकरी कामगार पक्ष, लाल निशाण, कम्युनिस्ट आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी दुष्काळी मजुरांना संघटित केले, मजुरीसाठी आणि वेळेवर चुकाऱ्यासाठी मोर्चे काढले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महिलांनी महागाईविरुद्ध लाटणे मोर्चे नेले. वृत्तपत्रे गावांची नावे घेऊन लिहीत होती. जिथे काम बंद पडे तिथली बातमी सचिवालयात पोहोचायला वेळ लागत नसे.

नाईकांचा स्वभाव शांत होता, ते तुसडेपणाने बोलत नसत आणि विरोधकांशी त्यांचे बोलणे तुटत नसे. हे गुण खरे आणि उपयोगाचे होते. पण दुष्काळ निवारणाचे सगळे श्रेय त्यांच्या स्वभावाला देणे हा मोर्चात चाललेल्या त्या बायकांवर अन्याय होईल. सरकारला हलवत ठेवले ते त्यांनी.

मदतीचा हक्क झाला. या काळातून महाराष्ट्राला मिळालेली सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणजे रोजगार हमी योजना. कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. १९६९ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात ती करून पाहिली गेली, १९७२ मध्ये राज्याने स्वीकारली. दुष्काळाच्या ऐन भरात ती मागे पडली, कारण टंचाईच्या कामांनी सगळे व्यापून टाकले. दुष्काळ ओसरल्यावर ती पुन्हा पुढे आली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. शहराने खेड्यातल्या मजुरीचा भार उचलायचा, हा विचार त्या काळी साधा नव्हता.

१९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता. आता दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहायची नव्हती, तहसीलदाराच्या मर्जीचीही नव्हती. मजूर अर्ज करील आणि सरकार बांधील राहील. देशाने २००५ मध्ये केलेल्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या मागे हा अनुभव होता. राज्याचा कायदा लागू झाला तेव्हा नाईक पदावर नव्हते, मुख्यमंत्री शरद पवार होते. पागे, नाईक, वसंतदादा पाटील, पवार आणि विरोधी बाकांवरचे आमदार असे हे श्रेय वाटले जाते, आणि तसेच ते वाटले जावे.

लौकिकाची दुसरी बाजू. याच मुख्यमंत्र्यांच्या काळात मुंबईत शिवसेना वाढली आणि कामगार चळवळीला शह देण्यासाठी सरकार तिच्याकडे काणाडोळा करते, असा आरोप झाला. ‘वसंतसेना’ हे नाव त्यातूनच पडले. नरिमन पॉइंटच्या भरावावरील भूखंडांच्या वाटपावरून टीका झाली. दलितांवरील अत्याचार आणि १९७४ ची वरळीची दंगल हेही याच कारकिर्दीचे भाग आहेत. विदर्भाच्या माणसाला बोचते ती गोष्ट वेगळी : अकरा वर्षे मुख्यमंत्रिपद विदर्भाकडे असूनही सिंचनात विदर्भ मागे राहिला. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने हा अनुशेष आकड्यांत मांडला. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये व्यापाऱ्यांच्या जाचातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी आली. काही वर्षे तिचा आधार झाला, पुढे तोटा आणि चुकाऱ्यातली दिरंगाई यांत ती थकली.

नाईकांचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून पाळला जातो, परभणीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, आणि शेतकरी आत्महत्यांच्या काळात राज्याने काढलेल्या शेती स्वावलंबन मिशनलाही. ज्या जिल्ह्याने हा नेता दिला तो जिल्हा आत्महत्यांसाठी देशभर ओळखला जावा, याचे दुःख यवतमाळकराला सांगावे लागत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाली. रुग्ण आधीपासून येत होते. अमरावती विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले गेले ते ऑक्टोबरात. दोन्ही संकटे एका मापाने मोजता येणार नाहीत. पण १९७३ मध्ये बंद पडलेल्या कामाची बातमी वर पोहोचवणारे मजूर संघटित होते, आणि २०१७ चा फवारणी करणारा मजूर एकटा होता.

वाचन. या विषयाकडे वळणाऱ्याने व्यवस्थापनाच्या पुस्तकांपासून सुरुवात करू नये. आधी महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) वाचावा. सरकारी कागदात शेतकऱ्याचे हाल कसे झाकले जातात हे त्यात कळते आणि पुढचा प्रत्येक अहवाल वाचताना ती नजर उपयोगी पडते. त्यानंतर मराठेशाहीतल्या रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’. आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेची आंबा-फणसाची झाडे जबरदस्तीने तोडू नयेत, मालकाला राजी करून, मोबदला देऊन घ्यावीत, असे ते बजावते. युद्धाच्या घाईतही राज्याने लोकांच्या मनातली जागा गमावू नये, ही समज त्या मजकुरात आहे आणि नेतृत्वावरच्या अनेक जाड ग्रंथांत ती सापडत नाही.

प्रत्यक्ष दुष्काळावर व्ही. सुब्रमणियन यांचे ‘पार्च्ड अर्थ’ (१९७५) महत्त्वाचे. ते प्रशासनातल्या माणसाने लिहिलेले आहे; यंत्रणा कशी हलली हे त्यात दिसते, मजुराचा आवाज मात्र कमी ऐकू येतो. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांच्या ‘हंगर अँड पब्लिक ॲक्शन’ (१९८९) मध्ये महाराष्ट्राचा अनुभव जगातल्या इतर दुष्काळांशेजारी ठेवून तपासला आहे आणि लोकांच्या दबावाला त्यात योग्य जागा मिळाली आहे. ही दोन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत.

मराठीत वाचायचे तर विधिमंडळाच्या १९७२ आणि १९७३ च्या कामकाजाचे खंड उघडावेत. कोणत्या तालुक्यात किती कामे, मजुरी का थकली, धान्य कधी येणार, असे प्रश्न आणि त्यांना दिलेली उत्तरे तिथे छापलेली आहेत. एखादे उत्तर उडवाउडवीचे आहे का आणि पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न परत आला का, हे तिथे ताडून पाहता येते. उमरखेड-पुसदच्या वाचकाला आपल्या तालुक्याचा उल्लेख शोधता येईल, आणि गावाच्या शिवारातला पाझर तलाव कोणत्या वर्षीचा आहे हे त्यावेळी पाटी उचललेल्या माणसांना विचारता येईल. ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे, तेव्हा विचारपूस लवकर केलेली बरी.